खिडकीजवळचें आसन

प्रवासांत खिडकीजवळची जागा कोणास द्यावी, हा वाद आगगाडीइतकाच जुना आहे. आगगाडींत मात्र एक सोय असते : स्टेशन आलें कीं जागा बदलतां येते. विमानांत हा प्रश्न बहुधा घरीं बसूनच सोडवावा लागतो, आणि पुष्कळदां त्याबद्दल वेगळे पैसेही मोजावे लागतात. तेव्हां त्याचा थोडा विचार करणें वावगें होणार नाहीं.

पहिला नियम नकाशाचा. जें पाहावयाचें तें मार्गाच्या कोणत्या हातास आहे, हें आधीं पाहावें. मुंबईहून गोव्यास जातांना डाव्या हातास सह्याद्रीची बाजू, उजव्या हातास समुद्राची. दिल्लीहून बागडोगऱ्यास जातांना हिमालय डावीकडे. परततांना तो उजवीकडे. दुसरा नियम सूर्याचा. आश्विन-कार्तिकांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें उत्तरेकडील खिडकींत ऊन डोळ्यांवर येत नाहीं. पावसानें हवा धुतलेली असते आणि सकाळीं ढगही कमी असतात. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील सकाळचें विमान उत्तम. तिसरा नियम पंखाचा. पंखावरील आसनावरून खालचा मुलूख झांकला जातो, आणि पंखामागें इंजिनाच्या उष्ण झोतानें दृश्य थरथरतें. यास्तव पंखाच्या पुढचें आसन घ्यावें. कांहीं रांगांना खिडकीच्या जागीं नुसती भिंतच असते, तेंही विचारून घ्यावें.

इतकें शास्त्र जुळविल्यावर खरा प्रश्न उरतो : तेथें बसावयाचें कोणीं ?

आमची मंडळी गेल्या कार्तिकांत दार्जिलिंगला निघाली, तेव्हां हवी तशी खिडकी एकच मिळाली. बारा वर्षांच्या नातवानें उंच्या पाठ करून ठेविल्या होत्या : नंदादेवी ७,८१६ मीटर, धवलगिरि ८,१६७, कांचनगंगा ८,५८६, आणि एव्हरेस्ट, २०२० सालीं जाहीर झाल्याप्रमाणें, ८,८४८.८६. दुसरीकडे आमच्या काकू. काका बदरीनाथास जाऊन आले त्या वर्षीं घरांत बाळंतपण होतें. काकू मागें राहिल्या, आणि राहिल्या त्या राहिल्याच. आतां गुडघे चढ चढूं देत नाहींत, आणि काचबिंदूनें दृष्टि वर्षागणिक आकसत चालली आहे. कोणी म्हणालें, ज्यास दिसतें त्यास खिडकी द्यावी. हिशेबानें तें बरोबरच होतें. तरी आम्हीं आसन काकूंस दिलें. मुलापुढें पुष्कळ कार्तिक आहेत. काकूंच्या डोळ्यांपुढें किती उरले, हें कोणीं बोलून दाखविलें नाहीं.

प्रथम नंदादेवी आली. बदरीनाथ ज्या चमोली जिल्ह्यांत, त्यांतच ती आहे, हें सांगतांच काकूंनीं हात जोडले. आम्हांस जेथें निरनिराळीं शिखरें दिसत होतीं, तेथें त्यांस एकच पांढरी रेघ दिसत होती. ती त्यांनीं तासभर पाहिली. एव्हरेस्ट ल्होत्से-नुप्त्सेच्या भिंतीआडून डोकावूं लागलें, तेव्हां त्या उठल्या व नातवास म्हणाल्या, “माझं झालं रे. आता तू बस, नि मोज एक एक.”

कांचनगंगा त्यानें पाहिली आणि काकूंस वर्णन करून सांगितली. परतीचीं आसनें निवडतांना उजवीकडील दोन खिडक्या घ्याव्या, मग पैसे पडोत, असें घरांत एकमतानें ठरलें. त्यांतील एक काकूंची.