कोराडीच्या जळावर

नागपूरच्या उत्तरेस कोराडीचा विस्तीर्ण तलाव आहे. काठी जगदंबेचे मंदिर, जवळच औष्णिक वीज केंद्राची उंच धुराडी. देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी व सायंकाळी प्रौढा दिसते, अशी येथील श्रद्धा आहे.

एका रविवारी इतवारीतील एक व्यापारी कुटुंब कयाकिंगसाठी येथे आले. जलकायाच्या जीवांना नाहक पीडा नको, म्हणून आजी नातीसह काठावरच थांबल्या. आजोबांनी जाकीट चढविले आणि मागील आसन मागितले. पेढीचे सुकाणू आजवर त्यांच्याच हाती होते. परंतु दोघांच्या कयाकमध्ये वल्ह्यांची लय पुढचा राखतो व दिशा मागचा देतो. म्हणून प्रशिक्षकाने महाविद्यालयात शिकणाऱ्या नातवास मागे बसविले.

प्रारंभी आजोबा वारंवार मागे वळून सूचना देत आणि नौका तिरकी होई. अखेर त्यांनी दृष्टी समोर ठेवली, संथ लयीत वल्हे मारले. नौका सरळ निघाली.

सूर्यास्तापूर्वी सर्वजण काठावर जेवले. गाळलेल्या पाण्याचा तांब्या नातवापुढे ठेवीत आजोबा म्हणाले, "बेटा, या दिवाळीला वहीपूजन तुझ्या हातून."