हातमोजे घातले म्हणून काय झालं?

परवा टोमॅटो बांधायला आलेली एक ताई खोकत होती. म्हणाली, "दादा, हातमोजे घातलेत, काळजी नको."

मंडळी, मोझॅकचं झाड हाताळून त्याच हातमोज्यानं पुढचं झाड बांधलं की रोग ओळीनं पुढं सरकतो, हे आपण बघतोच. माणसाचंही तसंच. तोच हातमोजा नाकाला, तोच मोबाईलला, तोच पाण्याच्या घागरीला! त्यापेक्षा साबणानं हात धुतलेले बरे. (फवारणीला मात्र हातमोजे हवेतच, ते औषधासाठी.)

खोकणाऱ्यानं मास्क घालावा, नाक झाकून. थुंकीचे शिंतोडे तिथंच अडतात. २०२१ ला मी हनुवटीवर मास्क ठेवून बाजारात हिंडलो. आधी मी तापलो, मग आई. वाचली, पण अजून जिना चढताना दम लागतो.

ताईला दिवसाची मजुरी देऊन घरी पाठवलं. बांधणी दोन ओळी मागं राहिली.