मधल्या माणसाला धक्का लागत नाही



परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, आज दिवसभर लेझरने अणू गार करत होते," आणि मी हसलो. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात मी लेझरने पोलादी पत्रा कापलाय गं. त्याने काही गार करायचं म्हणजे चुलीवर बर्फ जमवायचा! नंतर लाज वाटली, म्हणून वाचत बसलो. चुकलं तर कान धर.

सोडियमचा अणू 589 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश गिळतो आणि लगेच भलत्याच दिशेला टाकून देतो. टाकण्याला दिशा नाही, पण गिळताना बसणारा धक्का नेमका समोरून येतो. एका धक्क्याने वेग सेकंदाला जेमतेम 3 सेंटीमीटरने घटतो. अणू तर सेकंदाला शेकडो मीटरच्या वेगाने धावत असतो. मात्र असे धक्के सेकंदाला लाखो बसतात. लेझरचा सूर किंचित उतरवून ठेवला की समोरून अंगावर धावत येणाऱ्यालाच तो नीट लागतो. 1985 साली बेल लॅब्समध्ये स्टीव्हन चू आणि सहकाऱ्यांनी सहा बाजूंनी किरण सोडले, तेव्हा अणू 240 मायक्रोकेल्विनपर्यंत गार झाले. त्या मांडणीला नाव दिलं 'ऑप्टिकल मोलॅसिस'. म्हणजे आपली काकवीच. (साखर कारखान्यातले लोक मळी म्हणतील, म्हणोत.)

पण मी अडकलो ते 2021 च्या प्रयोगांपाशी. एमआयटी, कोलोरॅडोतली 'जिला' प्रयोगशाळा आणि न्यूझीलंडचं ओटागो विद्यापीठ, तिघांनाही एकच गोष्ट दिसली: फर्मिऑन जातीचे अणू पुरेसे गार आणि दाट केले की ते प्रकाश कमी विखुरतात. एमआयटीच्या लिथियममध्ये तर 38 टक्क्यांनी कमी. दोन फर्मिऑन एका अवस्थेत राहत नाहीत, हा पाउलीचा नियम. प्रकाश विखुरायचा तर अणूला धक्का खाऊन दुसऱ्या अवस्थेत सरकावं लागतं, आणि आजूबाजूच्या जागा तर सगळ्या भरलेल्या!

हे मला पुस्तकाआधी आपल्या डोंबिवली फास्ट लोकलने शिकवलंय. गच्च डब्यात मधल्या माणसाला कितीही ढकल, तो हलत नाही. दाराशी लटकलेले तेवढे हलतात. तुझ्या अणूंच्या ढगातही कडेचेच अणू प्रकाशाला दाद देतात ना?

आता एक शंका. बघायचं म्हणजे प्रकाश टाकायचा आणि प्रकाश टाकला की धक्का बसायचा. मग फोटो काढला की ढग उधळत असेल. दर फोटोला सगळं पहिल्यापासून? जेवायला कितीला पोचतेस, तेही कळव.

तुझा मामा