हैदराबादला मी अजून बेगमपेटलाच उतरतो

हैदराबादला मी अजून बेगमपेटलाच उतरतो, आणि बंगळूरला एचएएलच्या जुन्या धावपट्टीवर. २००८ साली दोन्ही शहरांचे नवे विमानतळ सुरू झाले, प्रवासी विमानं तिकडे गेली. पण मी उडतो ते मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ या खेळात, आणि त्यातलं जग २००३ साली थांबलंय. त्याच्या चार सीड्या मी नोकरीला लागल्यावर लॅमिंग्टन रोडवरून आणल्या. आज तो खेळ लिनक्सवर चालतो. मायक्रोसॉफ्टने तशी सोय कधी केली नव्हती. ती केली भलत्याच लोकांनी, आणि त्यांच्याबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं.

आधी विमानाबद्दल. डोंबिवलीला मामेभावाच्या पेंटियमवर मी ‘फ्लाइट सिम्युलेटर ९८’ पहिल्यांदा पाहिला. खेळ सुरू झाला की सेस्ना शिकागोच्या मेग्ज फील्ड विमानतळावर उभी असायची, उजवीकडे मिशिगन सरोवर, डावीकडे शहराच्या उंच इमारती. चित्र ओबडधोबड, सगळं कोनाकोनाचं. पण थ्रॉटल पुढे सारला, चाकं जमिनीवरून सुटली आणि क्षितिज खाली सरकलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमच्या घरातलं तोवर कुणी विमानात बसलेलं नव्हतं.

ते मेग्ज फील्ड आता नाही. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदायला लावल्या. तिथे उभी असलेली विमानं अडकून पडली. मी शिकागोला कधीच गेलेलो नाही. तरी ती बातमी वाचून घरचंच काही मोडल्यासारखं वाटलं होतं. तो माझा पहिला विमानतळ होता.

त्याच वर्षी २००४ ची आवृत्ती आली, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त. तिच्यात १९०३ चं राइट फ्लायर होतं, लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ होतं, डीसी-३ होतं. मी मात्र सेस्ना १७२ सोडली नाही. मला उतरायला शिकायचं होतं. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीकडे पूर्वेकडून, खाडी ओलांडून यायचं. वेग पासष्ट नॉटच्या आसपास धरायचा. धावपट्टीशेजारचे दिवे दोन पांढरे, दोन लाल दिसले की उंची बरोबर. चारही लाल झाले की आपण फार खाली आलोय. अशा वेळी हात आपोआप स्टिक मागे ओढायला जातो. नाक वर होतं, वेग पडतो आणि विमान आणखी खाली बसतं. उंची सांभाळायची थ्रॉटलने आणि वेग सांभाळायचा नाकाने, हे डोक्याला पाच मिनिटांत पटतं, हाताला पटायला महिने जातात. माझ्या हाताला ते या खेळात पटलं, म्हणून मला हाच खेळ हवा असतो. फ्लाइटगिअर आणि एक्स-प्लेन लिनक्सवर थेट चालतात. मी दोन्ही वापरलेत आणि दोन्ही चांगले आहेत. पण फ्लॅपची खिटी डोळे मिटून सापडते ती २००४ च्याच कॉकपिटमध्ये.

ज्या स्टुडिओने हा खेळ बनवला तो मायक्रोसॉफ्टने जानेवारी २००९ मध्ये बंद केला. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा आधारही संपला. माझा संगणक तेव्हा धापा टाकत होता, त्यावर मी लिनक्स चढवलं. सीड्या कपाटात गेल्या. त्या बाहेर आल्या वाइन नावाच्या प्रोग्राममुळे.

वाइनचं काम १९९३ पासून चालू आहे. विंडोजचा प्रोग्राम सतत काही ना काही मागत असतो: ही फाइल उघड, इथे खिडकी काढ, हा त्रिकोण रंगव. वाइन त्या मागणीला विंडोजने दिलं असतं तसंच उत्तर देतं, काम मात्र लिनक्सकडून करून घेतं. हे लिहिणाऱ्यांनी मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड पाहायचा नाही, असा दंडक आहे. विंडोज कशाला काय उत्तर देतं ते बाहेरून तपासायचं, त्याच्या चाचण्या लिहायच्या आणि हुबेहूब तसं वागणारं काही उभं करायचं. विंडोजचे दोषसुद्धा कधी कधी तसेच उतरवावे लागतात, कारण एखादा प्रोग्राम त्या दोषावरच विसंबून असतो. १.० ही आवृत्ती यायला २००८ उजाडलं. अलेक्सांद्र ज्युलियार १९९४ पासून ही धुरा वाहतायत. पंधरा वर्षं ‘एक’ हा आकडा न लावता काम करत राहण्यात जी सचोटी आहे, तिला माझा नमस्कार.

माझ्याकडे या खेळाचं प्रीफिक्स वेगळं आहे, म्हणजे एक स्वतंत्र फोल्डर, ज्यात वाइनची सी ड्राइव्ह राहते. त्यात वाइनला सांगून ठेवलंय की तू एक्सपी आहेस. खेळ व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये उघडतो, पूर्ण पडद्यावर नाही. त्यामुळे खिडक्या बदलताना तो गोठत नाही. जॉयस्टिकचे अक्ष आधी वाइनच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तपासतो, मग खेळात. टर्मिनलमधून सुरू केला की ओळींचा लोट येतो, आणि त्यांतल्या बऱ्याच ‘फिक्समी’ने सुरू होतात. त्या जागी कुणा प्रोग्रामरने अर्धंमुर्धं फंक्शन ठेवून नोंद केलेली असते की हे अजून पुरतं जमलेलं नाही. मी त्या ओळी आवडीने वाचतो. आपलं काय राहिलंय हे इतक्या उघडपणे सांगणारं दुसरं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही. आणि त्या सगळ्या ओळींच्या पलीकडे सेस्ना उडत असते. पैसे मोजून घेतलेली वस्तू आपल्या हातात राहावी म्हणून कुणीतरी परकी माणसं इतकी वर्षं खपली, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

भाचा दिवाळीत आला तेव्हा शेजारी बसला होता. खाडीवरून वळताना त्याने विचारलं, “मामा, नवी मुंबईचा विमानतळ कुठाय?” ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला विमानतळ २००३ च्या जगात कुठून असणार? उलव्याच्या जागी नुसता हिरवा-करडा सपाट रंग होता. म्हटलं, “नाहीये. आपण बांधू.”

विमानतळ मांडायचा एक जुना प्रोग्राम आहे, एएफकॅड. तोही विंडोजचाच, त्यालाही त्याच प्रीफिक्समध्ये जागा दिली. धावपट्टी ३,७०० मीटरची, तिची दिशा नकाशावरून काढली आणि लांबी फुटांत करून भरली. टॅक्सीवे आखायचं काम माझ्याकडे आहे. टर्मिनलची इमारत कशी उभी करायची ते अजून ठरत नाही. भाचा म्हणतो, इमारत राहू दे मामा, आधी धावपट्टीचे दिवे लावू, म्हणजे रात्री उतरता येईल.