बॉम्बे स्ट्रीट, बेलफास्ट

डब्लिनहून बेलफास्टची बस धरली. डंडॉक मागे पडले, न्यूरी जवळ आले. मी पासपोर्ट हातात घेऊन सावरून बसलो. ना फाटक, ना शिपाई. रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ तेवढी पांढरी झाली आणि वेगाच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर आल्या. शेजारच्या आजोबांना विचारले, “सरहद्द कधी येणार?” म्हणाले, “गेली की मघाशी!”

या न दिसणाऱ्या रेघेपायी केवढे रामायण घडले! आयर्लंडला होमरूल, म्हणजे इंग्रजांच्या छत्राखाली घरचा कारभार, मिळणार म्हणताच २८ सप्टेंबर १९१२ रोजी प्रोटेस्टंटांचा पुढारी एडवर्ड कार्सनने बेलफास्टच्या सिटी हॉलमध्ये विरोधाच्या प्रतिज्ञापत्रावर पहिली सही ठोकली. बायकांचे प्रतिज्ञापत्र वेगळे. दोन्ही मिळून सह्या ४ लाख ७० हजारांवर गेल्या. टिळकांनी १९१६ मध्ये बेळगावात होमरूल लीग काढली, तो शब्द इथलाच. आपल्याला त्यात स्वराज्य दिसले. इथल्या प्रोटेस्टंटांना रोमच्या पोपचे राज्य दिसले. १९१४ मध्ये त्यांनी लार्न बंदरात चोरून हजारो बंदुका उतरवल्या. मग आयरिश राष्ट्रवाद्यांनी डब्लिनजवळ हौथला उतरवल्या. १९१६ च्या डब्लिनमधल्या उठावातल्या पुढाऱ्यांना इंग्रजांनी गोळ्या घातल्या आणि होमरूलवर समाधान मानणारेही प्रजासत्ताक मागू लागले. १९१८ च्या निवडणुकीत १०५ पैकी ७३ जागा प्रजासत्ताकवाल्या शिन फेन पक्षाने जिंकल्या. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेचा तुकडा ब्रिटनकडे राहिला.

मी थक्क झालो ते हिशेबाने. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताच्या काउंट्या नऊ. अल्स्टरसाठी प्राण द्यायला निघालेल्यांनी घेतल्या सहाच! नऊ घेतल्या असत्या तर प्रोटेस्टंटांचे बहुमत काठावर आले असते. म्हणून कॅव्हन, मोनाहन आणि डोनेगल सोडल्या; तिथे सह्या करणारे आपलेच लोक पलीकडे राहिले. टायरोन आणि फर्मानामध्ये मात्र कॅथलिक जास्त असूनही त्या ठेवून घेतल्या. डोकी मोजून आखलेली रेघ दोन्हीकडे चुकली.

संध्याकाळी एका गल्लीची पाटी वाचून हसू आले: बॉम्बे स्ट्रीट. ते फार टिकले नाही. ऑगस्ट १९६९ च्या कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगलीत ही कॅथलिकांची गल्ली जाळली गेली. घरे पुन्हा उभी राहिली, पण परसदारी दोन्ही वस्त्यांना वेगळे करणारी उंच भिंत आली. पलीकडून काही येऊन पडू नये म्हणून परसांवर जाळीचे पिंजरे बसले. सरहद्दीवर शोधून सापडले नाही ते फाटक याच भिंतीत पुढे दिसले. रात्री ते बंद होते.