तपासणीचा खर्च कोणाचा?

दसऱ्याला आपण अवजारांची पूजा करतो आणि दिवाळीत चोपडीला हळदकुंकू वाहतो. तराजू, गल्ला, उंबरठा, साऱ्यांचा मान राखला जातो. परंतु ज्या विजेवाचून आज एकही दुकान चालत नाही, तिच्या फलकाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तो बिचारा जिन्याखाली, रिकामी पोती आणि केरसुणी यांच्या सोबतीने वर्षानुवर्षे धूळ खात उभा असतो.

आमच्या लोधीखेड्यात समाजाची एक जुनी इमारत आहे. वर लग्नकार्याचे सभागृह, खाली भाड्याने दिलेले पाच गाळे. या इमारतीच्या वीजजोडणीची रीतसर तपासणी करवून घ्यावी, असा विषय आमच्या मंडळाच्या सभेत निघाला. परवानाधारक ठेकेदाराने सांगितलेली रक्कम सभागृहाच्या एका दिवसाच्या भाड्याहून किंचित अधिक होती. तेवढ्यावरून सभा दोन तास चालली. गच्चीच्या रंगकामाला मात्र त्याच सभेत पाच मिनिटांत मंजुरी मिळाली होती! रंग दिसतो, तार दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

ही तपासणी काही आजची टूम नव्हे. 1956 च्या भारतीय वीज नियमांतच, जोडणीची तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने व्हावी, असे सांगितले होते. पुढे 2003 चा वीज कायदा आला आणि त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे नियम केले. नियम आहेत, पण नियमाला घरात घेण्याची आपली तयारी किती, हा प्रश्न उरतोच.

ती नसली म्हणजे काय होते, हे आठवण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नागपूरपलीकडे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बालके गेली. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी एकोणसाठ माणसे मृत्यू पावली. तेथील ट्रान्सफॉर्मर त्याच दिवशी सकाळी एकदा पेटला होता. त्याची दुरुस्ती झाली, ती कामचलाऊ. सैल राहिलेल्या एका जोडाने सायंकाळी घात केला. एक जोड नीट आवळण्याची मजुरी किती असते? त्याच प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने मालकांना साठ कोटींचा दंड केला. पण गेलेली माणसे कोणत्या दंडाने परत येणार?

अखेर आमची तपासणी झाली. ठेकेदाराने मेगर लावून तारांचे आवरण पाहिले, जमिनीत उतरणाऱ्या अर्थिंगचा रोध मोजला. दोन गाळ्यांत अर्थिंगची तार फलकापर्यंत येऊन नुसतीच लोंबकळत होती. एका ठिकाणी फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घातलेली निघाली. ज्या तारेने स्वतः वितळून इमारत वाचवायची, तिलाच न वितळणारी करून ठेवले होते.

तेव्हा उमगले की लोक तपासणीच्या पैशाला भीत नाहीत. तपासणीतून जे बाहेर पडेल, त्याला भितात. खरा खर्च तेथे सुरू होतो. आमच्या एका गाळ्यात एक विधवा बाई पिठाची गिरणी चालवतात. त्यांनी सरळच विचारले, “गुरुजी, तपासाले नाही कोन म्हनते? पन तारा बदला म्हनलं तं गिरणी चार दिवस बंद राहीन. ते चार दिवस मले कोन देईन?”

या प्रश्नाला नियमांच्या पुस्तकात उत्तर नाही. सुरक्षिततेचा उपदेश ज्याच्या हातात पगार आहे त्याने करावा आणि किंमत ज्याची चूल रोजच्या दळणावर पेटते त्याने मोजावी, हा न्याय नव्हे. पुष्कळ विचाराअंती मंडळाने ठरविले की मुख्य फलक, अर्थिंग आणि गाळ्यापर्यंतची तार हा मालकाचा खर्च. आतील दिवे-पंखे व यंत्रांची जोडणी भाडेकरूची. गिरणीचे काम बाजाराचा दिवस टाळून दोन रात्रींत उरकले आणि बाईंचे एक महिन्याचे भाडे माफ केले. शिवाय सभागृहाच्या प्रत्येक कार्यामागे थोडी रक्कम वेगळी काढावयाची, म्हणजे पाच वर्षांनी पुन्हा दोन तासांची सभा भरणार नाही!

महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे आपली माणसे स्थिरावली, तेथे तेथे आपण मंडळे काढली, सभागृहे बांधली, त्यांतले गाळे भाड्याने देऊन गणेशोत्सवाचा आणि वाचनालयाचा खर्च भागविला. त्या इमारतींपैकी कितीतरी आता जुन्या झाल्या आहेत. ज्या काळी त्यांत दहा दिवे आणि चार पंखे होते, त्याच तारांवर आज वातानुकूलन यंत्रे, शीतकपाटे आणि लग्नातील रोषणाई यांचा भार आहे. वाचकांपैकी जे अशा एखाद्या मंडळाचे पदाधिकारी असतील, त्यांना एवढीच विनंती की पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तपासणीचा विषय रंगकामाच्या आधी घ्यावा, आणि तो मांडताना सर्वांत लहान गाळ्याच्या भाडेकरूला आवर्जून शेजारी बसवून घ्यावे.