पोलादाच्या शेजारी छापचित्रांची शाळा

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की चार-पाच तासांत दुर्ग आणि त्याला लागूनच भिलाई येते. सोव्हिएत रशियाच्या सहकार्याने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आपण ज्यावरून प्रवास करतो ते रूळ इथेच लाटले जातात. पाहुणे मुलांना घेऊन मैत्रीबाग पाहतात आणि परततात.

एक दिवस हाताशी असेल तर खैरागढला जरूर जावे. तिथल्या राजघराण्याने दिवंगत कन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ आपला राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. सुरुवातीच्या काळात पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर इथे कुलगुरू होते, त्यामुळे मराठी माणसाला हे गाव परके वाटू नये. लोक याला गाण्याचे विद्यापीठ समजतात, पण इथे मुद्राचित्रण, म्हणजे छापचित्रांची कलाही शिकवली जाते. इथे ती शिकवणारे व्ही. नागदास २०२३ मध्ये ललित कला अकादमीचे अध्यक्ष झाले.

ही कला शिकायला धीर लागतो. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघ ओढायची आणि पत्रा सौम्य ॲसिडमध्ये सोडायचा. उघड्या रेघेवर बुडबुडे येतात, ते पिसाने हलकेच बाजूला सारायचे. पत्रा जितका वेळ आत, तितकी रेघ खोल नि काळी. मग शाई भरायची, वरची शाई मलमलीने पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसचे चाक फिरवायचे. चित्र उलटे उमटते. सहीसुद्धा पत्र्यावर उलटी कोरावी लागते! इथे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या रेघेवर हात फिरवून चालत नाही. एकदा खाल्लेला धातू भरून येत नाही, म्हणून कधी थांबायचे हे ज्याचे त्यानेच शिकायचे.

खरी अडचण पदवीनंतर येते. लोखंडी प्रेस जड आणि महाग, तो दोन खोल्यांच्या घरात कोण ठेवणार? मुलाने इंजिनीअर व्हावे असे वाटणाऱ्या घरात तर विचारूच नका. कित्येकांचे छापणे तिथेच सुटते. म्हणून, आमच्या मते, पत्र्याआधी लिनोलियम किंवा लाकूड हातात देणारा शिक्षक शहाणा. कोरलेल्या लिनोवर रुळाने शाई लावून, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासले तरी सुरेख ठसा उठतो. चित्तप्रसाद यांनी मुंबईत अंधेरीला राहून कोरलेली लिनोचित्रे आजही नावाजली जातात. ॲसिड मात्र घरी मुळीच आणू नये.

खैरागढ राजनांदगावहून सुमारे ४० किलोमीटर आहे. विभाग पाहायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि सुट्टीचे दिवस टाळावेत. बंद प्रेस पाहण्यात काही मजा नाही. परतताना भिलाईच्या सिव्हिक सेंटरमधील नेहरू आर्ट गॅलरीत डोकवावे. एखादे छापचित्र दिसलेच तर खाली पेन्सिलीने लिहिलेला आकडा पाहा. ३/१० म्हणजे दहा प्रतींपैकी तिसरी.